तालुक्याच्या दवाखान्यातले केसपेपर कॉम्प्युटरवर कसे न्यावेत

केज, गेवराई, औसा, जिंतूर किंवा वसमतसारख्या गावात दहा-वीस खाटांचं रुग्णालय आहे, रोजची ओपीडी ऐंशी-शंभर आहे आणि आता केसपेपर कॉम्प्युटरवर न्यायचे आहेत, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे. ‘कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?’ हा प्रश्न सगळे आधी विचारतात. खरं तर तो चौथा प्रश्न आहे. समोरचा रुग्ण नेमका कोण हे कशावरून ठरवायचं, त्याच्याबद्दल काय लिहायचं आणि ते लिहिणार कोण, ही तीन उत्तरं आधी लागतात. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींचा इतिहास आता साठ वर्षांच्या आसपासचा आहे. त्यातले कामाचे धडे बहुतेक याच तीन प्रश्नांभोवती आहेत, म्हणून प्रत्येक टप्प्याला तो इतिहास सोबत घेतला आहे.

आधी कागद नीट करा

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. लॉरेन्स वीड यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक साधी पण मुळाला हात घालणारी सूचना केली. तोवर केसपेपर म्हणजे तारीखवार लिहीत गेलेला मजकूर असे. लघवीचा रिपोर्ट एका पानावर, त्याबद्दलचं डॉक्टरांचं मत चार पानं पुढे. वीड यांचं म्हणणं असं की नोंद रुग्णाच्या समस्यांच्या यादीभोवती बांधा. पहिल्या पानावर क्रमांक घातलेली यादी, आणि पुढची प्रत्येक नोंद त्यातल्या एखाद्या क्रमांकाशी जोडलेली. नोंदीचे भाग चार: रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय आढळलं, त्यावरून काय वाटतं, पुढे काय करायचं. वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सोप नोट’ म्हणून शिकवतात ती हीच. पुढे वीड यांनी व्हरमाँट विद्यापीठात ही मांडणी टचस्क्रीनवर चालवून दाखवली. पण शिस्त आधी कागदावर बसली होती.

तुम्हीही सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावण्याआधी नवा केसपेपर छापून घ्या. ए-४ पानाच्या वरच्या एक तृतीयांश भागात रुग्ण क्रमांक, नाव, गाव; त्याखाली तीन चौकटी: अ‍ॅलर्जी, चालू आजार, चालू औषधं. उरलेल्या पानावर चार भागांची नोंद. अ‍ॅलर्जीच्या चौकटीत ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘विचारलं नाही’ असे तीन पर्याय छापा. रिकामी चौकट म्हणजे अ‍ॅलर्जी नाही, असा अर्थ रात्रपाळीची सिस्टर लावते आणि पेनिसिलिन द्यायच्या वेळी हा अर्थ महागात पडतो.

हा कागद महिनाभर वापरा. मग कोणतेही पन्नास केसपेपर काढून कोणती चौकट किती वेळा रिकामी राहिली ते मोजा. अर्ध्याहून जास्त कागदांवर रिकामी राहिलेली चौकट कॉम्प्युटरवरही रिकामीच राहील. ती एक तर काढून टाका, नाही तर ती भरण्याचं काम कुणाचं हे नावानिशी ठरवा. वजन आणि बीपी सिस्टरनं बाहेर घ्यायचं की डॉक्टरांनी आत, हे याच महिन्यात पक्कं होतं.

ओळख: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

नाव, वय, गाव आणि मोबाइल एवढ्यावर रुग्ण सापडेल असं वाटतं, पण सापडत नाही. शेख हे आडनाव इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहिलं जातं. सुनीता-सुनिता, ज्योती-जोती यांतली एक वेलांटी किंवा एक जोडाक्षर बदललं की शोध रिकामा येतो आणि काउंटरवरचा मुलगा नवी नोंद उघडून मोकळा होतो. मोबाइल तर ओळख नव्हेच. घरात एकच नंबर असतो, तो थोरल्या मुलाचा, आणि तो मुलगा पुण्याला कंपनीत कामाला असतो.

बाळंतपणाची नोंद नीट समजून घ्या, कारण मराठवाड्यात सगळ्यात जास्त दुहेरी नोंदी इथे तयार होतात. समजा, सुनीताचं सासर माजलगावचं आणि माहेर परतूरचं. सातव्या महिन्यापर्यंतच्या तपासण्या सासरी झाल्या, पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली. परतूरच्या दवाखान्यात नाव सांगतो तिचा भाऊ, तोंडात येतं ते माहेरचं आडनाव, मोबाइल भावाचा, गाव परतूर. तीन वर्षांपूर्वी, लग्नाआधी, ती याच दवाखान्यात टायफॉइडसाठी आली होती तेव्हा नंबर वडिलांचा होता. एका बाईच्या आता तीन नोंदी झाल्या: दोन परतूरला, एक माजलगावला. तिचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्याची नोंद माजलगावच्या फायलीत राहिली आणि इथे कुणी पुन्हा तपासला नाही, तर बाळ आरएच पॉझिटिव्ह निघाल्यावर ७२ तासांच्या आत आईला द्यायचं, पुढच्या बाळाला जपणारं अँटी-डी इंजेक्शन चुकू शकतं.

म्हणून नोंदणीत स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, पतीचं नाव, माहेरचं आडनाव आणि सासरचं आडनाव यांना वेगवेगळे रकाने ठेवा. गावही दोन: राहतं गाव आणि मूळ गाव. मोबाइलसमोर ‘कुणाचा’ हा रकाना हवाच. वय साठवू नका, जन्मवर्ष साठवा आणि ते अंदाजे असेल तर तशी खूण करा. वय ४५ असं साठवलं की पाच वर्षांनीही माणूस ४५ चाच राहतो. नक्की तारीख माहीत नसताना सॉफ्टवेअरनं तारखेचा आग्रह धरला, तर निम्मा तालुका एक जानेवारीला जन्मलेला दिसू लागतो. पाच वर्षांखालच्या मुलांची तारीख मात्र लसीकरणाच्या कार्डावरून नक्की घ्या.

रुग्ण क्रमांक तुमचा स्वतःचा असावा: वर्षाचे दोन अंक, सहा अंकी चालू क्रमांक आणि शेवटी एक तपासणी अंक. हा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणितानं काढलेला असतो. आधार क्रमांकाचा बारावा अंक असाच असतो आणि त्यासाठी व्हेरहॉफ पद्धत वापरतात. तिचा फायदा असा की एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले तर कॉम्प्युटर तिथल्या तिथे अडवतो, दुसऱ्याच रुग्णाची फाइल उघडत नाही. क्रमांक छापलेलं जाड कार्ड द्या आणि ते पिशवीत रेशनकार्डाबरोबर ठेवायला सांगा.

काउंटरचा नियम एकच: दोन तऱ्हांनी शोधल्याशिवाय नवी नोंद उघडायची नाही. पहिला शोध क्रमांकावरून, तो नसेल तर नावाची पहिली तीन अक्षरं आणि गाव यांवरून. नावं शोधासाठी रोमन लिपीत आणि छपाईसाठी देवनागरीत, अशी दोन्हीकडे ठेवा. ‘आधी आला होता का?’ या प्रश्नाला बरेच जण नाही म्हणतात, कारण गेल्या वेळी ते दुसऱ्या आजारासाठी आलेले असतात. ‘या दवाखान्याचा कागद घरी आहे का?’ असं विचारा.

दुहेरी नोंदी तरीही होतील. दर शनिवारी सारखं नाव आणि सारखं गाव असलेल्या नोंदींची यादी काढा आणि खात्री पटेल त्याच जोडा. शंका असेल तर जोडू नका. एकाच माणसाच्या दोन नोंदी राहिल्या तर माहिती अपुरी पडते; दोन माणसं एका नोंदीत गेली तर चुलत्याचा शुगरचा इतिहास पुतण्याला चिकटतो. नवजात बाळाची नोंद ‘बेबी ऑफ’ करून केली असेल तर जुळ्यांना १ आणि २ लावा, आईचा क्रमांक जोडा आणि नाव ठेवल्यावर तीच नोंद दुरुस्त करा, नवी करू नका.

काय आकड्यात, काय शब्दांत

सगळंच चौकटींत कोंबलं तर डॉक्टर वैतागतात, सगळंच मोकळं लिहिलं तर कॉम्प्युटरला काही शोधता येत नाही. आकड्यात हव्या त्या गोष्टी मोजक्या: वरचं बीपी आणि खालचं बीपी वेगळ्या रकान्यांत, वजन, उंची, ताप, नाडी, ऑक्सिजन, शुगर, हिमोग्लोबिन. ‘१४०/९०’ असं एकाच रकान्यात लिहिलं की सहा महिन्यांचा आलेख निघत नाही. शुगरसमोर ती उपाशीपोटी, जेवणानंतर की अशीच घेतलेली, हे निवडल्याशिवाय आकडा स्वीकारलाच जाऊ नये. १८० चा अर्थ तिन्ही वेळी वेगळा. ताप फॅरनहाइटमध्ये घेत असाल तर रकानाही फॅरनहाइटचाच असू द्या. लहान मुलांच्या वजनाला दशांश हवा, आणि मर्यादेबाहेरचा आकडा आला तर सूचना यावी, कारण औषधाचा डोस किलोवर ठरतो आणि १०.५ मधला टिंब हरवून १०५ होणं अगदी सोपं आहे.

कोणत्याही रकान्यात आधीपासून ‘नॉर्मल’ भरलेलं ठेवू नका. काम वेगानं होतं म्हणून विक्रेते ती सोय आवर्जून दाखवतात. मग ज्याचं पोट तपासलंच नाही त्याचंही पोट नॉर्मल म्हणून नोंदलं जातं, आणि ही नोंद उद्या ग्राहक आयोगात तुमच्याच विरोधात वाचली जाऊ शकते. मागच्या भेटीची नोंद जशीच्या तशी उचलून आज चिकटवण्याची सोयही बंद करा किंवा फक्त औषधांपुरती ठेवा.

निदानासाठी स्वतःची ऐंशीएक नावांची यादी करा आणि प्रत्येकासमोर आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा, संकेतांक एकदाच घालून ठेवा. रक्तदाब आय १०, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह ई ११, सर्पदंशाची विषबाधा टी ६३.०, विंचूदंश टी ६३.२, ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा टी ६०.०. डॉक्टरांनी मराठीत किंवा इंग्रजीत पहिली तीन अक्षरं टाकली की नाव यावं; संकेतांक पाठ करायची वेळ कुणावर येऊ नये.

सर्पदंशाची नोंद हा तुमच्या व्यवस्थेच्या कसोटीचा क्षण समजा. पावसाळ्यात रात्री अकराला शेतातून माणूस आणला. इथे मजकुरापेक्षा वेळा महत्त्वाच्या: दंश कधी झाला, दवाखान्यात कधी पोचला, रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी कधी लावली आणि कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत रक्त गोठलं की नाही, सर्पविषविरोधी लशीच्या किती कुप्या किती वाजता सुरू केल्या, पुढची चाचणी कधी. रुग्ण अंबाजोगाईच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’ या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवावा लागला तर तिथल्या डॉक्टरांना पहिला प्रश्न पडतो तो हाच: किती कुप्या, किती वाजता. यासाठी एका स्क्रीनचा वेगळा फॉर्म करा, ज्यात वेळ बटण दाबून पडेल आणि हातानं बदलताही येईल. हातानं बदललेली वेळ आणि मूळ वेळ दोन्ही साठल्या पाहिजेत. रेफरची चिठ्ठी त्याच फॉर्मवरून एका बटणानं छापली जावी.

औषधांच्या यादीत जेनेरिक नाव आधी, ब्रँड नंतर. सारख्या दिसणाऱ्या नावांचा धोका खाली सरकणाऱ्या यादीत वाढतो, कारण बोट एक ओळ खाली गेलं की औषध बदलतं. २००५ मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात रॉस कोपेल आणि सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवरून औषधं लिहिताना नव्यानं तयार होणाऱ्या चुकांचे २२ प्रकार मांडले, हस्ताक्षराच्या चुका गेल्या तरी दुसऱ्या येतात, हे त्यातून ठळक झालं. एका पडद्यावर एकच रुग्ण उघडा ठेवा आणि प्रिस्क्रिप्शन छापण्याआधी रुग्णाचं नाव-वय मोठ्या अक्षरात दिसू द्या.

आठवण करून देणारा कॉम्प्युटर

हे सगळं भरायचं कशासाठी, याचं उत्तम उत्तर अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या डॉ. क्लेमंट मॅकडोनाल्ड यांच्या कामात आहे. रिजेनस्ट्रीफ संस्थेची त्यांची नोंदव्यवस्था १९७२ मध्ये मधुमेहाच्या क्लिनिकपासून सुरू झाली. १९७६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कॉम्प्युटरनं सूचना छापून दिल्या तेव्हा डॉक्टरांनी ५१ टक्के प्रसंगांत कृती केली. सूचना नव्हत्या तेव्हा २२ टक्के प्रसंगांत. डॉक्टर तेच, त्यांचं ज्ञान तेच. गर्दीत माणसाच्या लक्षातून गोष्टी सुटतात, एवढाच त्याचा अर्थ.

सुरुवातीला पाचच सूचना ठेवा. तीन महिने बीपीसाठी न आलेला रुग्ण, मधुमेहींची वर्षाची डोळ्यांची तपासणी, गरोदर बाईचं हिमोग्लोबिन, नोंदलेल्या अ‍ॅलर्जीचं औषध, टीबीची औषधं मध्येच थांबवलेला रुग्ण. पंचवीस सूचना लावल्या की महिन्याभरात डॉक्टर न वाचता बंद करायला लागतात, आणि त्यात अ‍ॅलर्जीची सूचनाही जाते.

आता सॉफ्टवेअर

सरकारी रुग्णालयांत एनआयसी आणि सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थांचं अनुक्रमे ई-हॉस्पिटल किंवा ई-सुश्रुत आढळतं. खासगी छोट्या रुग्णालयाला विकतचं किंवा मुक्तस्रोत (ज्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला असतो), असे दोन रस्ते. मुक्तस्रोतांत ओपनएमआरएस आणि त्यावर उभारलेलं बहमनी हे पर्याय चांगले आहेत. बहमनी छत्तीसगडमधल्या गनियारीच्या ‘जन स्वास्थ्य सहयोग’च्या रुग्णालयात घडलं, म्हणजे ग्रामीण गर्दीचा विचार त्यात मुळातच आहे. परवाना फुकट असला तरी लिनक्सचा सर्व्हर सांभाळणारा माणूस महिन्याच्या पगारावर किंवा करारावर लागतो. तो मिळत नसेल तर या वाटेला जाऊ नका.

विकतचं घेताना प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या लॅपटॉपवर बघू नका. तुमच्या काउंटरवर, तुमच्या माणसाकडून वीस काल्पनिक रुग्ण भरून घ्या. त्यात दोन सुनीता, एक जुळ्यांची आई आणि एक बेशुद्ध अनोळखी माणूस असू द्या. मग नेटची वायर काढा आणि काम चालतं का बघा. एक प्रिस्क्रिप्शन बदला आणि आधीचं काय होतं, कुणी, कधी बदललं हे दिसतं का तपासा. मराठी छपाई युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) आहे ना, हे त्या मजकुराची नक्कल दुसऱ्या कॉम्प्युटरवर चिकटवून बघा. जुन्या फाँटच्या पद्धतीनं साठवलेलं नाव पडद्यावर मराठी दिसतं, पण शोधता येत नाही आणि दुसरीकडे नेलं की चिन्हांचा कचरा होतो.

शेवटची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची: वीसही रुग्णांची पूर्ण माहिती बाहेर काढून द्यायला सांगा. फक्त पीडीएफ मिळत असतील तर तुम्ही त्या विक्रेत्याच्या दावणीला कायमचे बांधले गेलात. एका यंत्रातली माहिती दुसऱ्यात न जाणं हे या क्षेत्राचं जुनं दुखणं आहे. त्यासाठीच १९८७ मध्ये अमेरिकेत एचएल-७ ही आरोग्य माहितीच्या देवाणघेवाणीची मानकं ठरवणारी संस्था उभी राहिली. भारत सरकारनं २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. निदानासाठी स्नोमेड सीटी, प्रयोगशाळेच्या चाचण्यांसाठी लॉइंक, एक्स-रे-सोनोग्राफीच्या प्रतिमांसाठी डायकॉम ही नावं त्यात आहेत. करारात लिहून घ्या: माहिती रुग्णालयाच्या ताब्यातली, करार संपल्यावर पंधरा दिवसांत ती वाचता येणाऱ्या तक्त्यांच्या स्वरूपात जादा पैसे न घेता मिळेल.

लाइट, नेट आणि बॅकअप

डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप घ्या. बॅटरी हाच पहिला यूपीएस. डेस्कटॉपच असेल तर ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं काढतो, तेवढ्यात नोंद जतन करून बंद करता येतं. दवाखान्याचा इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा; साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षण लागतो त्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि भरत असलेली नोंद जाते. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायला बहुतेक ठिकाणी विसरतात. मुख्य कॉम्प्युटर ऑटोक्लेव्हच्या खोलीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये बेचाळीस अंशांत डिस्क लवकर मरते.

व्यवस्था बंद पडेल तेव्हासाठी शंभर कागदी फॉर्म छापून, त्यांवर आधीच राखून ठेवलेले रुग्ण क्रमांक टाकून काउंटरच्या खणात ठेवा. नंतर २४ तासांच्या आत ते कॉम्प्युटरवर चढवताना उपचाराची खरी वेळ लिहा, भरण्याची नव्हे. नाही तर रात्री दोनला दिलेलं इंजेक्शन सकाळी दहाला दिल्यासारखं दिसतं आणि पुढचा डोस चुकतो.

प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दवाखान्याबाहेर. बाहेरची डिस्क बॅकअप झाला की काढून कपाटात ठेवा. सतत जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस मुख्य कॉम्प्युटरबरोबरच कुलूपबंद करतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायनं ब्रिटनची सरकारी रुग्णालयं अडवली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडून कितीतरी दिवस काम कागदावर चाललं. महिन्यातून एकदा बॅकअपमधून पाच रुग्णांच्या नोंदी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. उघडून न पाहिलेला बॅकअप आहे असं धरू नका.

सुरुवात टप्प्यानं, तातडीचा रुग्ण आधी

पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात २००२ मध्ये औषधोपचाराच्या सूचना कॉम्प्युटरवर देण्याची पद्धत अवघ्या सहा दिवसांत सगळीकडे लागू केली. बाहेरून हलवून आणलेल्या मुलांमधला मृत्युदर २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचं डॉ. हान आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलं. कारणं वाचण्यासारखी आहेत: रुग्ण प्रत्यक्ष पोचून नोंदला जाईपर्यंत औषध मागवताच येत नसे, आणि आधी डॉक्टर-नर्स खाटेजवळ उभे असत ते आता कॉम्प्युटरपाशी गुंतले. सिअ‍ॅटलच्या एका रुग्णालयानं हेच सॉफ्टवेअर वेगळ्या तयारीनं बसवलं आणि तिथे मृत्यू वाढले नाहीत.

म्हणून ‘तातडीचा अनोळखी १’ ते ‘२०’ अशा तात्पुरत्या नोंदी तयार ठेवा. विष घेतलेला, साप चावलेला, अपघाताचा रुग्ण आला की उपचार सुरू, नोंद तात्पुरत्या क्रमांकावर, ओळख नंतर. पहिल्या दोन आठवड्यांत फक्त नोंदणी कॉम्प्युटरवर न्या, मग वजन-बीपी, मग प्रिस्क्रिप्शन, मग लॅब, आणि भरती रुग्ण सगळ्यात शेवटी. कागद आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे लिहिणं प्रत्येक टप्प्याला दोन आठवड्यांपुरतंच ठेवा. त्याहून लांबलं की दोन्हीकडच्या नोंदी अर्धवट राहतात. पेरणीच्या किंवा दिवाळीच्या आठवड्यात बदल सुरू करू नका. पडदा डॉक्टर आणि रुग्ण दोघांना दिसेल असा तिरका ठेवा; आजीबाई स्वतःच्या बीपीचा आलेख पाहतात तेव्हा गोळी का चुकली तेही सांगतात.

जुन्या फायली सगळ्या स्कॅन करायच्या मागे लागू नका. एका पानाचे साधारण २०० केबी धरले तर रोज दोनशे पानं म्हणजे ४० एमबी आणि वर्षाला १२ जीबी. जागेची अडचण नाहीच, अडचण आहे ती पानं लावणाऱ्या माणसाच्या तासांची. बीपी, शुगर, फिट्स, हृदयरोग असे कायमचे रुग्ण जसे येतील तशी त्यांची शेवटची डिस्चार्ज समरी, ऑपरेशनची नोंद आणि ईसीजी एवढंच स्कॅन करा, २०० डीपीआयवर, शाई फिकी असेल तर ३०० वर. थर्मल कागदावरचा ईसीजी सगळ्यात आधी, कारण तो उन्हानं पुसट होत जातो.

कायदा आणि गुप्तता

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवाव्या लागतात आणि मागणी आल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. त्याच विनियमांत नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा असंही म्हटलं आहे. पोलीस केसचे कागद खटला संपेपर्यंत मूळ स्वरूपात जपा. सोनोग्राफी असेल तर गर्भलिंगनिदानबंदी कायद्याखालचा फॉर्म एफ कॉम्प्युटरवर असला तरी छापील, सही केलेली प्रत हवीच. संमतीपत्रावरचा अंगठा स्कॅन करा, मूळ कागद फाडू नका. कोर्टात कॉम्प्युटरवरची नोंद दाखल करताना पूर्वी भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र लागे. १ जुलै २०२४ पासून तीच गोष्ट भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येते.

प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. रिसेप्शनला निदान दिसू नये, मेडिकलवाल्याला फक्त प्रिस्क्रिप्शन दिसावं. मोबाइल घरचा एकच असतो हे लक्षात ठेवून एसएमएसमध्ये आजाराचं किंवा चाचणीचं नाव कधीही घालू नका. ‘तुमचा रिपोर्ट तयार आहे’ एवढंच. गर्भचाचणी, एचआयव्ही, टीबी यांचे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं बंद करा. सासूच्या किंवा दिराच्या फोनवर गेलेल्या एका ओळीनं एखाद्या बाईचं घर मोडू शकतं.

गाव सोडून जाणारा रुग्ण

बीड, धाराशिव, परभणी, जालन्यातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या उन्हाळ्यात परततात. तुमची उत्तम नोंद तेवढे महिने त्यांच्या कामाची नाही, जर ती त्यांच्याबरोबर गेली नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये, जे सप्टेंबर २०२१ पासून देशभर लागू आहे, रुग्णाला १४ अंकी आभा क्रमांक (आरोग्य खात्याचा क्रमांक) मिळतो. नोंदी तुमच्याकडेच राहतात आणि रुग्णाच्या संमतीनं दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. आभा काढायचं शिबिर दसऱ्याआधी घ्या. आधारला जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असेल तर ओटीपी येत नाही, म्हणून आदल्या आठवड्यात मुकादमाला सांगून नंबर अद्ययावत करून घ्या.

तरीही कागद द्याच, कारण फडावर रेंज असेलच असं नाही. ए-५ आकाराच्या एका पानावर नाव, क्रमांक, रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू आजार, औषधांची जेनेरिक नावं डोससह, झालेली ऑपरेशनं, आणि गरोदर असेल तर प्रसूतीची अंदाजे तारीख आणि शेवटचं हिमोग्लोबिन. गर्भाशय काढलेलं असेल तर ते कधी, कुठे आणि का काढलं, अंडाशय ठेवलं की नाही, हे नक्की लिहा; पुढच्या डॉक्टरला ते कुणीच सांगू शकत नाही. पान मराठी आणि इंग्रजी दोन्हीत छापा, लॅमिनेट करा, मागच्या बाजूला एक मोकळा कागद चिकटवा, ज्यावर तिकडचे डॉक्टर लिहू शकतील. परत आल्यावर मागचा मजकूर ‘बाहेरची नोंद’ अशा खुणेनं भरा, लिहिणाऱ्याचं गाव आणि तारीख घाला, समस्यांची यादी त्याप्रमाणे दुरुस्त करा आणि नवं पान छापून जुनं परत घ्या, म्हणजे पुढच्या हंगामात दोन वेगळ्या डोसची दोन पानं एकाच पिशवीत राहणार नाहीत.